बेचाळीस शिक्क्यांचं गाणं

मिनागावा तोकिएचं वय सत्तावन्न, आणि त्यातली एकोणचाळीस वर्षं लेथपुढं उभ्यानं गेलेली. तोक्योच्या ओता भागात, कारखान्यांच्या गल्लीत, नवरा-बायकोचं दोघांचंच लेथचं शॉप. फेब्रुवारीत कान्जी गेला. सातव्या दिवशी बाईनं मशीन चालू केलं. गल्ली म्हणाली, बाई आहे का दगड? तोकिए म्हणाली, दगड असते तर भूक लागली नसती.

कान्जीची आणि तिची ओळख झाली ती एका तळघरात. साल शहाऐंशी. 'नागागुत्सु' म्हणजे गमबूट असं नाव लावून मासळीबाजारातले चार हमाल तिथं गात. गात कसले, बोंबलत. अंगावर बाजारातलेच कपडे, पायात तेच खवल्यांचे बूट. 'उद्या कामावर येणार नाही' हे गाणं सुरू झालं आणि दीडशे पोरं जागच्या जागी उड्या मारायला लागली. त्यात एकाचं कोपर बसून तोकिएचा पुढचा दात अर्धा गेला. कोपर कान्जीचं. तो म्हणाला, रडू नका, पितळेचा करून देतो, माझ्याकडं लेथ आहे. रडत कोण होतं? तिनं आधी त्याच्या नडगीवर लाथ घातली, मग नाव विचारलं.

लग्नानंतर शॉपमध्ये देवघरासारखी एक फळी होती, तिच्यावर नागागुत्सुच्या कॅसेटी. एकदा बड्या कंपनीचा खरेदीसाहेब आला आणि म्हणाला, निम्म्या भावात माल द्या, नाहीतर बंद करा. कान्जीनं 'मान वाकत नाही, हाडच तसं' हे गाणं लावलं आणि साहेबाचे ओठ हलताना नुसते दिसतील इतका आवाज वाढवला. काम गेलं. चार महिने दोघांनी मोड आलेल्या मुगावर काढले. त्या चार महिन्यांबद्दल तोकिए आजही छाती पुढं काढून बोलते.

शेवटी दवाखान्यात कान्जीचा घसाच काढला. आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस मुका झाला. तेव्हा तो खाटेच्या दांडीवर बोटानं ठेका धरायचा. टक-टक-टटक. तिसऱ्या ठोक्याला तोकिए ओळखायची. 'हाक मारा, मी आहे'. दोन मिनिटं अकरा सेकंदांचं गाणं. गेला त्या दुपारीही बोट त्याच गाण्यावर होतं, अर्ध्यात थांबलं.

जुलैत बोन आला. पितर तीन दिवस घरी येतात, जेवतात, आणि गल्ली बागेतल्या माचाभोवती गोल धरून नाचते, त्यांची पाठवणी करते. त्या गल्लीची रीत अशी, की वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानं आपल्या माणसासाठी एक गाणं सांगायचं. पहिल्या बोनलाच ही मुभा, पुन्हा नाही. आजवर सगळ्यांनी नाचाच्या टेपवरच्या पाच जुन्या गाण्यांतलंच एक सांगितलेलं. तोकिएनं बोनच्या सूचनेत आपल्या रकान्यात लिहिलं, 'हाक मारा, मी आहे', नागागुत्सु.

मग ती सूचना फिरत्या पाटीवर घरोघर निघाली. वस्तीची प्रत्येक सूचना त्या पाटीला लावून दारोदार जाते. वाचायची, घराचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. वाचतं कोण? पाटी आली की हात आपोआप शिक्क्याकडं जातो. बेचाळीस घरांचे बेचाळीस शिक्के होऊन पाटी परत आली, आणि सगळ्यांत वरचा गोल, लालभडक शिक्का मंडळाचे अध्यक्ष ओनुकीसान यांचा होता. हे तांदळाचे जुने व्यापारी. गल्लीत कुणी शिंकलं तरी यांना विचारून.

रविवारी नाचाच्या तालमीत गाणं वाजलं. पंखे घेतलेल्या बायका जागीच थिजल्या. एकीला वाटलं, मशीनच बिघडलं. ओनुकीसाननी धावत जाऊन बटण बंद केलं आणि विचारलं, हे कुणाचं काम?

"माझं," तोकिए म्हणाली. "आणि तुमचं. शिक्का बघा."

"शिक्का म्हणजे वाचलं, एवढंच. मंजूर नव्हे."

"मग वाचलंत का?"

ओनुकीसान कानापर्यंत लाल झाले. बायकांनी तोंडापुढं पंखे धरले. मग त्यांनी सूर बदलला. समोर बारा मजली नवी इमारत झालीय, तिथले लोक ढोलाचीसुद्धा तक्रार करतात, समजून घ्या. माझ्या पुतण्याकडून हेच गाणं शामिसेनच्या तारांवर, बिनशब्दाचं, हळू करून घेतो. कानाला गोड लागेल.

"ओनुकीसान, माझा माणूस तीन दिवसांसाठी घरी येणार," तोकिए म्हणाली. "त्याला न आवडणारं गाणं लावून वाटेला लावू? जन्मात त्याला हळू बोलता आलं नाही. मेल्यावर त्याला सभ्य करायला निघालात होय?"

नाच शिकवणाऱ्या किकुनोबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, कंबरेत वाकलेल्या. त्या म्हणाल्या, पुन्हा लावा. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा उठून दोन ठोक्यांना एक पाऊल टाकून बघितलं.

"धावतंय मेलं," त्या म्हणाल्या, "पण पाय चुकत नाही त्याचा. बसतंय."

ओनुकीसान म्हणाले, बसू द्या, भोंग्याचं बटण माझ्या हातात आहे.

आणि त्यांनी शब्द पाळला. बोनच्या शेवटच्या संध्याकाळी, अजून उजेड असताना, कंदिलांवर गेलेल्यांची नावं लावलेली, कान्जीचंही, आणि त्याचं गाणं लागलं ते आवाज पार दाबलेलं, डब्यात कोंडलेल्या मांजरासारखं. ठेकाच ऐकू येईना. गोल अडखळला, बायका एकमेकींच्या पाठीवर आदळल्या, मागं कुणीतरी हसलं.

तोकिए अंगावरचा सुती किमोनो गुडघ्यापर्यंत खोचून माचाची शिडी चढली. ढोलवाल्याच्या हातातल्या टिपऱ्या घेतल्या नाहीत, हिसकावल्या. ढोल तिनं कधी वाजवला नव्हता. पण एकोणचाळीस वर्षं यंत्राचा ठेका अंगात मुरलेला. तिनं पहिला घाव घातला तेव्हा कंदील हलले. मग तोंड उघडलं. सूर नव्हताच, लेथवर ओतायच्या कुलंट तेलाचा धूर खाऊन खरवडलेला गळा.

किकुनोबाईंनी हात वर केला, पाऊल टाकलं. दोन ठोक्यांना एक. गोल फिरायला लागला. बाहेरच्या बाजूला गल्लीतले लेथवाले, मुलामेवाले, वेल्डिंगवाले, साठी गाठलेले सगळे, हातातले बियरचे डबे खाली ठेवून जागच्या जागी उड्या मारू लागले. कुणाच्या गुडघ्यात वाटी नाही, कुणाचे दात घरी पाण्यात, पण शब्द एकही कुणी विसरलेलं नव्हतं. ओनुकीसाननी भोंग्याची वायरच उपटली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिथल्या तिथं चार वेळा झालं गाणं, आणि चौथ्या वेळी तोकिएनं ते शेवटच्या ठोक्यापर्यंत नेऊन सोडलं.

सकाळी ओनुकीसान माफीसोबत द्यायच्या टॉवेलांचं खोकं घेऊन शॉपच्या दारात उभे. इमारतीतून नऊ तक्रारी आल्या होत्या. म्हणाले, दारोदार जा, माफी मागा, तुमचं तुम्ही निस्तरा. तोकिएनं खोकं काखोटीला मारलं आणि कामाच्या कपड्यांतच गेली.

चौथ्या मजल्यावर एका तरुण बापानं दार उघडलं. कडेवर पोर. तोकिए रीतीप्रमाणं कंबरेत वाकली, दोन्ही हातांनी टॉवेल दिला आणि म्हणाली, काल आवाजाचा फार त्रास झाला असेल.

"झोपलेली मुलगी उठली आमची," तो म्हणाला.

"उठणारच. माझ्या नवऱ्याला पोचवायचं होतं. लांब जायचंय त्याला, हळू म्हटलं असतं तर ऐकू गेलं नसतं."

 पुढं असं होणार नाही, हे ऐकायची त्यानं टॉवेल धरून वाट बघितली. तोकिएनं पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला आणि शेजारची घंटी दाबली.