तलवारीशेजारची सायकल

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझी सायकल वाचवली, हे आधी सांगतो. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात मी राहतो त्या घरात माझं भलं चिंतणारं दुसरं कोणी नव्हतं.

आठवीत शाळा सुटली आणि मी धाराशिवकडचं गाव सोडून ग्वाल्हेरला आलो, एका खानावळीचे डबे पोचवायला. पहिली सायकल हजिरा भागात चोरीला गेली. वर डबा देऊन खाली येईतो खांबाला नुसती साखळी लोंबत होती. खानावळीचा मालक म्हणाला, "अब की गई तो तू भी गया." दुसरी सायकल पोटाला चिमटा घेऊन घेतली आणि रोज संध्याकाळी जिन्याखाली कुलूप घालून ठेवू लागलो. ही गेली असती तर रिकाम्या हातानं गावी परतावं लागलं असतं, आणि तिथे हसायला सगळे टपलेलेच होते.

जिन्याखाली वरच्या भाडेकरूची मोटरसायकलही असायची. तिला कोणी बोलत नसे. माझ्या चाकांतली हवा मात्र रोज सोडलेली.

"ए डब्बेवाले, तेरे बाप का गैराज है?"

"भैया, आपकी भी तो खड़ी है."

"वो गाड़ी है. ये कबाड़ है. कबाड़ी को दे दूँगा किसी दिन."

काकूही काही गोड नव्हत्या. त्यांच्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हे कसलं मराठी रे तुझं? अगदी गंवार आहेस." मग जरा थांबून, "तुळजापूर तुझ्या गावापासून किती?" कुळदेवी तिथली, पण त्यांनी ते गाव कधी पाहिलं नव्हतं.

नवरात्रात एका संध्याकाळी भाडेकरूनं माझी सायकल उचलून गल्लीतल्या नाल्याकडेला टाकली. मी ती परत आत आणली. तो जिन्यावरून ओरडला, "कल सुबह नहीं दिखेगी!"

सकाळी खरोखरच दिसली नाही. मी थेट त्याच्या दारावर धडकलो, तोंडाला येईल ते बोललो. तो नुसता हसला. "मैंने तो छुई भी नहीं."

खालून काकूंचा आवाज आला, "ओरडू नकोस. इकडे ये."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाटावर जुनी तलवार मांडली होती आणि तिच्या शेजारी माझी सायकल. हँडलला झेंडूची माळ, घंटीवर हळदकुंकू. मागचं चाक कुलूपबंद, तरी काकूंनी ती एकटीनं ओढत आत नेली होती. खंडेनवमी होती, शस्त्रं पुजायचा दिवस.

भाडेकरू मागोमाग आला. "काकी, ये कबाड़ घर में?"

"हथियार है. जिसका जो हथियार. हात तर लावून दाखव. आणि तुझी ती फटफटी रोज माझ्या दारात धूर सोडते, तिला आधी हटव."

मराठी त्याला कळलं नसावं, पण तो गेला.

मी म्हणालो, "काकू, डबे आहेत, सायकल घेऊ का?"

"वेडा आहेस? पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत आमच्यात."

त्या दिवशी सगळे डबे पायी वाटले. शेवटच्या गिऱ्हाइकाकडे, गोरखीला पोचेपर्यंत भाजी गार झाली होती. मालक भडकला, "साइकिल कहाँ है?"

"पूजा में बैठी है."

"तो तू भी बैठ जा घर!"

त्यानं काढलं नाही, पण आठवडाभर वाकडंच बोलत होता.

दसऱ्याला काकूंनी आपट्याची पानं दिली आणि सायकल मोकळी केली. संध्याकाळी मी ती पुन्हा जिन्याखाली लावायला गेलो तर म्हणाल्या, "तिथे कुठे? आत आण. पण टायर पुसल्याशिवाय आणलीस तर मीच बाहेर फेकीन."

तेव्हापासून ती रोज तलवारीशेजारी उभी असते. मी टायर पुसतो, काकू तरी चिखल शोधतात. वरचा अजूनही माझ्याकडे बघून थुंकतो. थुंकू दे.

काकूंचे गुडघे गेले आहेत. कधी ना कधी मी त्यांना तुळजापूरला नेणार आहे, आणि देवळाच्या पायऱ्या उतरवत नाहीत म्हणाल्या तर पाठीवर घेऊन उतरणार आहे.