पुट ऑफचे दोन अर्थ

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते कसली, रेटत होते! सकाळी शाळा, दुपारी सासूबाईंचं पथ्याचं, संध्याकाळी घरी शिकवण्या. अंग नुसतं आंबून जायचं.

नववीतली एक मुलगी तास संपला की रोज टेबलापाशी येऊन उभी राहायची. वडील जवळच पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. दिवाळीत खानदेशात गावी नेऊन तिचं लग्न उरकायचं त्यांनी ठरवलं होतं. तिला दहावी करायची होती. आपल्या अहिराणीत विनवायची, "बाई, एकदाव घर या ना. मना बापले सांगा. तुमचं ऐकतील."

"येते गं, चाचणी होऊ दे." मग, "पेपर तपासून होऊ देत." मग म्हटलं, रविवारी नक्की. रविवारी मी झोपून राहिले. खरं सांगू? दमले होते हे खरंच, पण त्या माणसापुढे उभं राहून हुज्जत घालायची माझी छातीच नव्हती. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मला मेलीला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात धड्यात 'पुट ऑफ' आलं. फळ्यावर लिहिलं: पुढे ढकलणे. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, लाइट बंद करणं ना?"

"तेही चालतं. दोन्ही अर्थ लिहा आणि स्वतःच्या मनाचं एक वाक्य करून द्या." वह्या गोळा केल्या आणि कपाटात कोंबल्या. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू.

सुट्टीनंतर तिची जागा रिकामी. शेजारची मुलगी म्हणाली, "तिचं लगीन लागलं, बाई. ती आता गावीच राहणार."

तास संपल्यावर वह्या काढल्या. तिची आधी शोधली. 'टीचर पुट ऑफ माय हाउस.' बाईंनी माझं घर पुढे ढकललं. की बाईंनी माझ्या घरातला दिवा बंद केला? कसंही वाचा, लागत होतं. फार लाज वाटली.

सवयीने लाल पेन उघडलं. वाक्य चुकलं होतंच. नुसतं 'घर' नाही, 'घरी येणं' पुढे ढकललं, असं हवं होतं. 'येणं' तेवढं राहून गेलं होतं.