दुधाच्या रांगेतला दगड

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या दूध केंद्रावर एक फ्रॉकवाली आंटी रोज पहाटे माझ्यापुढे असायची. नाव मी कधी विचारलं नाही. रांगेत आपल्या जागी दगड ठेवायची, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि "देव बघेल रे," म्हणत चर्चला निघून जायची. मागचे लोक लगेच दगड पायाने बाजूला सारायचे. मग भांडायचो मी.

एकदा तर एकाने त्या दगडापायी माझी कॉलर धरली. तेवढ्यात आंटी डुलत डुलत परत आली. मी भडकलो, "आंटी, देवबिव नाही, मी बघतो तुमचा दगड! रोज!"

"मग?" बाटल्या पिशवीत घालत ती म्हणाली, "दुधाच्या लायनीत देव काय स्वतः उभा राहणार?"

दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीचाही दगड आणला.