चोपड्याहून देवपूरला बिबडे घेऊन

जळगावहून सुटलेल्या एसटीनं तापी ओलांडली आणि समोर निळसर सातपुडा दिसू लागला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मोबाईल मी मुद्दाम पिशवीच्या तळाशी टाकला होता. मोबाईलमुळे माणसं बिघडतात, असं मी घरी नेहमी ऐकवतो. घरचे ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

चोपड्यापुढच्या डोंगराकडच्या एका गावात माझ्या मित्राची मावशी, सिंधूअक्का, राहते. मी पोहोचलो तेव्हा ती बचत गटाच्या बायकांबरोबर गच्चीवर होती. शिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या लुगड्यावर हातानं पसरणं चाललं होतं. वाळले की झाले बिबडे (ज्वारीचे पापड). वाळेपर्यंत दम कुणाला! तेल लावून अर्धे ओले बिबडे मी इतके हाणले की अक्कानं शेवटी परात पलीकडे सरकवली.

खाली नवी गिरणी घरघरत होती. ती गटानं छोटं कर्ज काढून घेतली होती. अक्काच्या सुनेनं फोनवरून बिबड्यांचे फोटो धुळ्याला पाठवले, तेव्हा तिथल्या देवपूर भागातल्या एका दुकानदाराचं उत्तर आलं : आधी नमुना पाठवा. न फुटता आला आणि चवीला उतरला, तर उन्हाळाभर माल घेईन.

मी तिथून पुढे धुळ्यालाच जाणार होतो, आणि खान्देशात निघालेला पाहुणा रिकाम्या हातानं सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं नमुन्याच्या बिबड्यांचं खोकं माझ्या हातात दिलं.

"भाऊ, संभाळीसन लई जाय. हाऊ माल पास व्हयना ते आम्हले केयीना बागमा मजुरीले जानं पडाव नही." (सांभाळून ने. हा माल पास झाला, तर आम्हाला केळीच्या बागेत मजुरीला जावं लागणार नाही.)

ती हसत होती, पण बाकीच्या बायका खोक्याकडेच बघत होत्या. मला ते खोकं भलतंच जड वाटू लागलं.

गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसलो. अमळनेरला एक आबा शेजारी आले आणि त्यांनी आपलं भलंमोठं टरबूज खुशाल खोक्यावर ठेवलं. आतून कुर्रकन आवाज आला.

"आबा, खाले बिबडा शेतस!" (खाली बिबडे आहेत!) मी जमेल तशा अहिराणीत ओरडलो.

"मंग पहिले सांगानं ना भाऊ!" म्हणत आबांनी टरबूज उचललं, आणि धुळं येईपर्यंत ते स्वतःच्या मांडीवर धरून बसले. ते माझ्याकडे अपराधी नजरेनं बघत होते. माझा जीव मात्र टांगणीलाच होता.

देवपूरला दुकानदारानं खोकं उघडलं. वरच्या थराचा चुरा झाला होता. माझं तोंड पडलं. त्यानं खालचा माल गुंडाळलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या. खालचे सगळे अख्खे! एक बिबडा शेगडीवर भाजून त्यानं तोंडात टाकला, मग दुसरा घेतला.

"चांगले आहेत हो! दर आठवड्याला पाठवायला सांगा." आणि त्यानं तिथल्या तिथे मोबाईलवरून नमुन्याचे पैसे गटाच्या खात्यात टाकले.

मी पिशवीच्या तळातून माझा फोन काढला आणि अक्काला व्हिडिओ कॉल लावला. पैसे जमा झाल्याचा मेसेज तिला आला होताच. गच्चीवर एकच कालवा. मग पडद्यावर अंधार झाला. उजेड आला, पुन्हा अंधार. मधल्या उजेडात दर वेळी कुणाच्या तरी कपाळावरचं कुंकू दिसे.

"अक्का, काय चाललंय?"

"भवानी शे, भाऊ! कपायले लावनी पडस. पैसा फोनमा उना म्हनीसन काय व्हयनं? भवानी ती भवानी शे!" (पैसे फोनमध्ये आले म्हणून काय झालं? भवानी ती भवानीच!)

भवानी म्हणजे पहिल्या विक्रीचे पैसे. ते कपाळाला लावायचे, ही रीत. नाणं नाही, नोट नाही, म्हणून त्या अख्खा फोनच कपाळाला लावत होत्या. कुणाच्या तरी कपाळानं लाल बटण दाबलं आणि कॉल कटला. दुकानदार गल्ला सोडून हसत सुटला. माझे मात्र डोळे भरून आले होते.

पुन्हा फोन वाजला. दोघीजणी राहिल्या होत्या.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. एका खोक्यानं गरिबी हटली, असं मी म्हणणार नाही. कर्ज फेडायचंय, ऊन तर त्यांना याही उन्हाळ्यात चुकलेलं नाही. पण यंदाचं ऊन त्यांच्या स्वतःच्या गच्चीवरचं आहे.