पहिल्या बाकावरचे गैरहजर

उत्तरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण आरोग्य खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन खरं नाव विचारलं, तर शिपाईसुद्धा डोकं खाजवत उभा राहायचा. उत्तरबाई म्हटलं की मात्र लगेच बोट दाखवायचा: खिडकीशेजारचं टेबल, फायलींच्या ढिगामागे चष्मा दिसेल, तोच.

आमदार सभागृहात उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तरं देतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ते उत्तर मंत्र्यांच्या हातात येतं कुठून, हे कोणी विचारत नाही. ते यायचं या टेबलावरून. दवाखान्यात औषध का नाही, रुग्णवाहिका का बंद, इमारतीवर एवढा खर्च होऊन छत का गळतं, असा एकेक छापील प्रश्न यायचा. त्याचे तुकडे पाडलेले असायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेपटाला 'हे खरे आहे काय?' असं लटकलेलं असायचं. उत्तरबाई संबंधित कार्यालयाकडून माहिती मागवायच्या, ती चाळायच्या, आणि समोर लिहायच्या: होय. नाही. अंशतः खरे आहे. आणि सगळ्यात शेवटी, त्यांचं अगदी लाडकं, प्रश्न उद्भवत नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं. नातेवाइकांनी तो विषय काढला की त्या हेच वाक्य फेकायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

एवढी वर्षं उत्तरं लिहूनही त्यांनी स्वतःचं एकही उत्तर सभागृहात वाचलं जाताना पाहिलं नव्हतं. तिथे त्यांचे कक्ष अधिकारी जायचे. परत आले की बाई हळूच विचारायच्या, "कसं झालं हो?" साहेब म्हणायचे, "झालं." लग्नाचा स्वयंपाक करावा आणि पंगत कशी उठली ते कोणी सांगूच नये, तशातला प्रकार. त्या उत्सुकतेने त्यांचा अगदी जीव खालीवर व्हायचा.

ही उत्सुकता त्यांना वडिलांकडून मिळाली होती. अप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जन्मभर त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली आणि म्हातारपणी स्वतःच्याच कानांनी दगा दिला. कानाचं मशीन होतं तोवर बरं चाललं होतं. मग तेही बंद पडलं. तेव्हापासून घरात पाटी आणि खडू आला. अप्पा मोठ्याने विचारायचे, बाई पाटीवर उत्तर लिहायच्या. रस्ता परत कोणी खणला? समोरचा दिवा भर दुपारी कशाला जळतोय? ती रडत गेली ती कोणाची सून? ऑफिसात उत्तरं, घरी उत्तरं. खडूने बोटं पांढरी व्हायची, पण बाईंना त्याचा कंटाळा नव्हता. अप्पांनी विचारायचं थांबवलं तर घर खायला उठेल, याची त्यांना मनातून भीती वाटायची.

शहरात सरकारी श्रवण केंद्र होतं. तिथे मशीन दुरुस्त व्हायचं, नाहीतर नवं मिळायचं. अप्पा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि जेवणाच्या वेळेला हात हलवत परत यायचे.

"माझा नंबरच येत नाही," ते म्हणायचे.

बाई लिहायच्या, 'गर्दी असेल.'

"कसली गर्दी? आम्ही चार टाळकी असतो बाकावर. ज्यांच्याबरोबर मुलं-सुना असतात ते पटापट मशीन घेऊन जातात. आम्ही बसलोय आपले."

'मी येऊ बरोबर?'

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" अप्पा फणकारायचे आणि पाटी पुसून टाकायचे.

बाईंच्या मनात हळूहळू शंकेने घर केलं. अप्पांना बोलायची हौस. केंद्राच्या नावाने निघतात आणि वाटेत चहाच्या टपरीवर गप्पा छाटत बसतात की काय, कोण जाणे. हे त्यांनी पाटीवर कधी लिहिलं नाही, पण मनात आलं हे खरं.

एके दिवशी अप्पा घरी आले ते विजयी मुद्रेने. "आमदारबाईंकडे जाऊन आलो! म्हटलं, तुमच्या त्या सभागृहात विचारा, आमचा नंबर का येत नाही. म्हणाल्या, विचारते." म्हणाल्या ते अप्पांना कसं कळलं, हा प्रश्नच होता. बहुधा आमदारबाईंनी मान हलवली असावी. अप्पांचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत गेला असणार, यात शंका नाही.

आणि खरंच तो प्रश्न आला. छापील, तुकडे पाडलेला, थेट उत्तरबाईंच्या टेबलावर. श्रवण केंद्रातून ज्येष्ठ नागरिकांना यंत्रे मिळत नाहीत, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?

बाईंनी तो वाचला आणि इकडेतिकडे पाहून पदराने चष्मा पुसला. घरातलाच प्रश्न, घरातलंच उत्तर. कोणाला सांगायची सोय नव्हती. त्यांनी नेहमीच्या रिवाजाने केंद्राकडून माहिती मागवली. ती अगदी चोख आली. केंद्र नियमित सुरू आहे. तंत्रज्ञ रोज हजर असतो. यंत्रे शिल्लक आहेत. वारंवार पुकारा करूनही काही रुग्ण गैरहजर राहतात.

गैरहजर! म्हणजे टपरीच ती. बाईंना अप्पांचा रागही आला आणि हसूही. त्यांनी लिहिलं: 'अंशतः खरे आहे. रुग्ण गैरहजर राहत असल्याने काही यंत्रांचे वाटप झालेले नाही.' वाक्य कसं गुळगुळीत उतरलं होतं. त्या संध्याकाळी मात्र अप्पांच्या समोर बसून जेवताना त्यांना घास गोड लागला नाही.

प्रश्नाच्या दिवशी कक्ष अधिकारी तापाने आडवे झाले. उपसचिवांनी सांगितलं, "बाई, तुम्हीच चला." बाई हरखल्या आणि लगेच चपापल्याही. कारण अप्पांनाही आमदारबाईंनी पास दिला होता. ते सकाळीच ठेवणीतला शर्ट चढवून निघून गेले होते.

अधिकाऱ्यांची बसायची जागा सभागृहाच्या एका कडेला होती. मंत्र्यांच्या पाठीमागे एक अरुंद कप्पा, तीन खुर्च्या आणि समोर कठडा. पद्धत अशी होती की आमदाराने अचानक काही उपप्रश्न विचारला की मंत्री मागे हात करायचे. इथून चिठ्ठी जायची. सभागृहाचा शिपाई ती दोन पावलांत पोचवायचा आणि मंत्री जन्मापासून ठाऊक असल्यासारखे वाचून दाखवायचे. चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे कोणी वळूनही बघायचं नाही. बाई मात्र सगळं डोळे फाडून पाहत होत्या. घुमटाखालचे पंखे, जांभया देणारे आमदार, एकाचा बाकाखाली काढून ठेवलेला बूट. समोर वर प्रेक्षकांचा सज्जा होता आणि त्यात पुढच्याच रांगेत, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून, अप्पा.

प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. बाईंचं वाक्य, दुसऱ्याच्या भारदस्त आवाजात! त्यांचा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगा.

आमदारबाई उभ्या राहिल्या. "केंद्र उघडं, माणूस हजर, मशीन शिल्लक. मग रुग्ण गैरहजर का?"

"आता कोणी का यावं नि का येऊ नये, हे सरकारने कसं सांगावं?" मंत्री म्हणाले. त्यांच्या बाजूचे लोक हसले.

"माझ्याकडे आलेले गृहस्थ म्हणतात, मी रोज जातो. ते आज वर सज्ज्यात बसलेत." आमदारबाईंचा आवाज चढला. "मग खोटं कोण बोलतंय? ते, की तुमचं केंद्र?"

सगळ्या माना वर गेल्या. अप्पा निवांतपणे पंख्याकडे पाहत होते. कठड्यावर टेकायला मनाई असावी, कारण मागे उभा असलेला पहारेकरी पुटपुटला, "आजोबा, मागे व्हा." अप्पा हलले नाहीत. तो जरा मोठ्याने बोलला. तरी नाही. तिसऱ्यांदा तर त्याचा आवाज खाली बाईंपर्यंत आला. शेवटी त्याने खांद्याला हात लावला. अप्पा दचकले, त्याच्याकडे पाहून गोड हसले आणि शहाण्या मुलासारखे मागे टेकून बसले.

बाईंना केंद्राकडून आलेले शब्द आठवले. वारंवार पुकारा करूनही. हे शब्द त्यांनी वाचले होते आणि खुशाल पुढे गेल्या होत्या.

मंत्र्यांचा हात मागे आला, बोटं चिठ्ठीसाठी वळवळायला लागली. "लिहा," उपसचिव कानाशी कुजबुजले, "माहिती घेण्यात येत आहे."

बाईंनी पेन उचललं. ते वाक्य त्यांनी आजवर इतक्यांदा लिहिलं होतं की हात आपोआप चालला असता. पण हात थांबला. मग त्यांनी घरच्या पाटीवर लिहायच्या तशा ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि घडी न घालताच शिपायाकडे दिलं. उपसचिवांनी झडप घातली, पण चिठ्ठी गेली होती.

मंत्र्यांना समोर येईल ते धडाधड वाचायची सवय. "अध्यक्ष महाराज, आम्हाला माहीत नाही," त्यांनी वाचून टाकलं. मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. जांभया देणारे आमदारही सरळ बसले. सभागृहात अंशतः, विचाराधीन आणि तपासून पाहू हे सगळं ऐकायची सवय होती. हे कोणी ऐकलं नव्हतं. मंत्र्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि उरलेलं सावकाश वाचलं. "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना केंद्रात तोंडाने हाका मारतात की काय, ते जाऊन बघावं लागेल."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग तेही थांबलं. मंत्र्यांनी वर सज्ज्याकडे पाहिलं. "बघून सांगतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

"उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये या," उपसचिव दात आवळून म्हणाले. "बदलीसाठी कुठली जागा रिकामी आहे ते बघून ठेवतो."

"परवा आले तर चालेल का, साहेब?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. "उद्या रजा हवी आहे."

बाहेर अप्पा वाट बघत उभे होते. "काय गं, काय म्हणाले?"

बाईंनी त्यांच्या पिशवीतून पाटी काढली. 'आम्हाला माहीत नाही म्हणाले.'

"मंत्री? असं म्हणाले?" अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी ती पाटी शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाई अप्पांच्या मागोमाग केंद्रात गेल्या. या खेपेला त्यांनी विचारलंच नाही. वाटेत टपरी लागली. अप्पांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केंद्रातला पहिला बाक त्यांचा ठरलेला होता, त्याचा कोपरा त्यांनी मोठ्या अभिमानाने लेकीला दाखवला. शेजारी आणखी दोन-तीन म्हातारी माणसं बसली होती, सगळी खिडकीकडे डोळे लावून. खिडकीत तंत्रज्ञ होता. भला माणूस दिसत होता, घसा पार बसला होता बिचाऱ्याचा. त्याने एक नाव पुकारलं, परत पुकारलं, सुस्कारा सोडला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्याने अप्पांचं नाव घेतलं.

बाई उठणार होत्या, पण उठल्या नाहीत. त्यांना बघायचं होतं. तंत्रज्ञाने पुन्हा हाक मारली, जरा उठून, घसा खरवडून. अप्पा त्याच्याकडेच पाहत होते. नजरानजर झाली, तसे रोजच्या ओळखीचं हसले. तोही हसला, आणि मान खाली घालून त्याने पेन टेकवलं. आपल्याच हातचं ते गुळगुळीत वाक्य आठवून बाईंना रडू फुटलं.

"थांबा! लिहू नका," त्या खिडकीशी धावल्या. "हजर आहेत ते. ते बघा."

"कोण, हे आजोबा?" तंत्रज्ञ चक्रावून म्हणाला. "हे तर रोज येतात! मला वाटलं, कोणाच्या तरी सोबतीला येत असतील."

त्याने बाकावरच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, मग उघड्या वहीकडे. पेन तसंच टाकून तो बाजूच्या दाराने बाहेर आला आणि त्याने अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आला वाटतं माझा नंबर!" अप्पा म्हणाले, इतक्या मोठ्याने की बाकावरच्या माणसांखेरीज साऱ्या इमारतीला ऐकू गेलं.