हाड म्हणजे आण

सुगंधा, मी माहेर सोडलं त्या सकाळी शेवटची कळशी मीच भरली होती. तू करवली म्हणून मिरवत होतीस, तुला आठवणार नाही. वरातीची गाडी वडाखाली उभी होती, सगळे घाई करत होते, आणि आई म्हणाली, पाहुण्यांना पाणी कमी पडेल. मी नव्या साडीनिशी विहिरीवर गेले. वर चढताना पाणी हिंदकळलं आणि साडी डाव्या बाजूने कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजली. आई पायरीवर उभी होती. लग्नाच्या दिवशीही ती तेच म्हणाली, जे मी आठ वर्षांची असल्यापासून म्हणायची. "गो बाय, कळशी आंगाकडे हाड. आंग कळशेकडे नेव नको. कंबर मोडात."

मग मी गाडीत बसले. डावी कूस ओली घेऊनच मी लालबागला आले. वाटेत खिडकीच्या वाऱ्याने ती कधी सुकली ते कळलं नाही.

चाळीतली आमची खोली तू पाहिली आहेस. एक खोली, एक मोरी, बाहेर गॅलरी. सासूबाई गिरगावात जन्मल्या, त्यांचं बोलणं रेडिओवरच्या बाईसारखं. मामंजी आपल्याच बाजूचे, पण गिरणीत आले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि सासूबाईंच्या सोबतीत त्यांची भाषा आत कुठेतरी ठेवून दिल्यासारखी झाली. मी तर आधीच कमी बोलणारी. इथे माझ्या तोंडून आपल्याकडचा एखादा शब्द निसटला की सगळे हसत. वाईट मनाने नाही. पण मी शब्द गिळायला लागले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तुझंही तिकडेच ठरलं होतं ना? माझं बीपी वर चढलं म्हणून डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून आई येऊ शकली नाही. म्हणून चिऊ मुंबईतच झाली, पोट कापून.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. चांगली होती बिचारी, पण तिला आणखी वीस खाटा बघायच्या होत्या. म्हणाली, "टाके आहेत ना? मग पोटावर वजन नको. फुटबॉल होल्ड कर." आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी मान हलवली. फुटबॉल पायाने खेळतात एवढं मला ठाऊक होतं. विचारायची लाज वाटली.

म्हणून घरी आल्यावर मी काय केलं, ऐक आणि हस. पाय लांब केले, बाळाला न्हाऊ घालताना ठेवतात तसं चिऊला नडग्यांवर निजवलं, आणि तिच्या तोंडापर्यंत मी वाकले. फुटबॉल म्हणजे हेच असणार असं मला वाटलं. शिवाय भिंतीकडे तोंड करून, वरून पदर, पदरावर टॉवेल. खोलीत मामंजी असत ना. ते बिचारे मी हलले की वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जात आणि परत यायच्या आधी दोनदा खोकत. तरी मला वाटे, ते माझ्यामुळे बाहेर उन्हात बसलेत, लवकर आटपायला हवं.

चिऊला बोंडाचं फक्त टोक मिळे. ती चावल्यासारखी ओढायची, सोडायची, रडायची. चौथ्या दिवशी चिरा पडल्या. तिने तोंड लावलं की डोळ्यांत पाणी येई. टाके ओढत, पाठ जळे, आणि ती दोन घोट पिऊन दमून झोपे. लंगोट कोरडे राहू लागले. तपासायला नेलं तर वजन उतरलं होतं. सोमवारी परत आणा, म्हणाले, नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू. त्यांचं बरोबरच होतं, लेकरू उपाशी राहता कामा नये. पण मला वाटत होतं की पहिल्याच कामात मी नापास झाले. बाकी तिला द्यायला माझ्याकडे होतं काय? माझी चौथीपर्यंतची शाळा, आणि हे दूध.

त्या शुक्रवारी आईचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकरवर लावला. मी एवढंच म्हणाले, पीत नाही गं. आई लगेच म्हणाली, "तू वाकू नको. चेडवाक आंगाकडे हाड."

सासूबाईंना हसू आवरेना. "अगं बाई, हाड? आमच्याकडे कुत्र्याला म्हणतात हाड! विहीणबाई नातीला हाकलताहेत की काय?"

फोनमध्ये मागे आपली कोंबडी ओरडली. मग आई हळू म्हणाली, "बरा तर, ठेवतंय मी."

मी सांगायला हवं होतं, की हाड म्हणजे आण. एवढे तीन शब्द. माझ्याच्याने बोलवलं नाही. आईने फोन ठेवला, आणि तिने काय सांगितलं होतं तेही त्या हसण्यात वाहून गेलं.

शनिवारी दुपारी सासूबाई दादरला गेल्या होत्या. नळाला पाणी आलं. टाक्यांमुळे मला उचलायला मनाई, म्हणून मामंजी भरत होते. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण पाण्याच्या आवाजाने मला गुंगी आली. दुपारचं ऊन फरशीवरच्या पाण्यावर पडून छतावर हलत होतं, अगदी विहिरीच्या काठावर हलतं तसं. मी मान वळवली. मामंजी भरलेली कळशी दोन्ही हातांनी लांब धरून, कमरेत वाकून, डुलत येत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, "मामंजी, आंगाकडे हाडा! कंबर मोडात!"

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी त्यांच्याशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. ते थांबले. कळशी कमरेवर घेतली, डाव्या हाताचा विळखा घातला आणि हसले. "किती वर्सांनी ऐकलंय ह्या! माझी आये असाच सांगी." त्यांनी कळशी मोरीत ठेवली, गॅलरीत गेले, आणि दार ओढून घेतलं.

त्यांची कंबर, कळशी, हाताचा विळखा. काल आईने मला तेच सांगितलं होतं.

मग मी भिंतीकडचं तोंड फिरवून बसले, भिंतीला पाठ टेकून. टॉवेल काढून टाकला. डाव्या कुशीला दोन उशा रचल्या. चिऊला उचललं आणि काखेत कळशी घेतात तशी घेतली. तिचे पाय माझ्या पाठीकडे, अंग माझ्या कुशीला चिकटलेलं, मान माझ्या तळव्यात. टाक्यांवर काही भार नाही. मी वाकले नाही. तिचं नाक बोंडासमोर येऊ दिलं, ओठाला नुसतं टेकवलं आणि वाट पाहिली. तिने जांभई देतात तसा मोठा आ केला. तेवढ्यात तिला अंगाकडे आणली. हनुवटी रुतली, गाल फुगले, नाक मोकळं राहिलं. आधी थोडं दुखलं, मग थांबलं. आणि मला गिळल्याचा आवाज आला. घुटुक. जरा थांबून पुन्हा घुटुक. कळशी विहिरीत बुडताना करते तसा.

उजवीकडून दूध आपोआप गळू लागलं. डावीकडे तिच्या ओठांतून ओघळलं. माझी डावी कूस ओली झाली. बाहेर कोळीण कोलंबी, कोलंबी ओरडत गेली, मला वाटलं आपल्याच वाडीतून कोणी हाक मारतंय. किती वेळ गेला कोण जाणे.

सोमवारी वजन वाढलेलं निघालं. फार नाही, पण काटा वर होता. सिस्टरने मला पाजताना पाहिलं आणि म्हणाली, "व्वा, परफेक्ट फुटबॉल होल्ड!" मी म्हणाले, "आमच्यात ह्याला कळशी म्हणतात." सासूबाईंनी विचारलं, कळशी कसली गं? मग वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं, हाड म्हणजे काय तेही.

घरी पोहोचल्यावर त्यांनी स्वतः फोन लावला. चप्पलही काढली नव्हती. "विहीणबाई, तुमचं हाड लागू पडलं हो. मी उगाच हसले." पलीकडे आई रडत होती की हसत होती, समजलं नाही. म्हणाली, "चेडू पिता मां? मग झाला."

आता तू बडोद्याला आहेस आणि तुलाही प्रवास नको म्हणालेत. म्हणून हे लिहितेय, पाठवायचं धाडस झालं तर पाठवीन. चिरा पडल्या तर आपलंच दूध चार थेंब लावून वाऱ्यावर सुकू दे. दुखत असेल तर ओढून काढू नको, तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घाल, सुटेल, आणि पुन्हा लाव. टाके पडले तर कळशी, नाहीतर कुशीवर निजूनही पाजता येतं, पोटाला पोट लावून. लंगोट ओले होतात का बघ. आणि नाही कळलं तर विचार. मान हलवू नको.

विहिरीवर आता जाळी घातली आहे, आई सांगते, घरात नळ आलाय. चिऊ सहा वर्षांची झाली. इंग्रजी शाळेत जाते आणि मोरीतून ओरडते, आई, टॉवेल हाड. सासूबाईही म्हणतात, चहा हाड गं. आधी मला वाटायचं, घर तिकडे राहिलं, आणि मी सारखी तिकडे वाकत असायचे. पाठ दुखायची नुसती. आता मी सरळ बसते आणि घरच जवळ ओढून घेते, जेवढं काखेत मावेल तेवढं.

तुझी डावी कूस ओली झाली की मला फोन कर.