साडेनऊ मिलिमीटर

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत. चाळीस वर्षं लेथवर काढलेले हे टर्नर केसाच्या जाडीवरून साहेबांशी भांडत, आणि बहुतेक वेळा साहेबच चुकलेले निघत. हाताखालच्या कुणी एखादा भाग पुढे करून "बसेल" म्हटलं की मायक्रॉनचं डोकं फिरे. भाग बसतो किंवा बसत नाही. 'बसेल' हे आळशी माणसाचं माप, असं त्यांचं ठाम मत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

घरात मात्र राज्य बाईंचं. बाई म्हणजे त्यांची बायको. कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली, त्यामुळे शेजाऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. शाळेत नवी आलेली मुलं घरून आपापल्या खुणा घेऊन येत. आजीची एक, भीतीची एक, न आवडणाऱ्या मामाची एक. ते मूल आणि त्याची आई सोडून जगात कुणाला त्या कळत नसत, आणि शाळेतली खुणांची भाषा आली की मूलही त्या विसरून जाई. बाईंनी त्या टिपून ठेवायला घेतल्या. एकेका खुणेचे चार-पाच फोटो, खाली मुलाचं वय आणि अर्थ. एकवीस वर्षांत अठराशे खुणा जमल्या. मग शाळा बंद पडली, तिथला कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि बाई सगळं एका लॅपटॉपमध्ये भरून घरी घेऊन आल्या. पुढे त्यांच्या हातांना कंप सुटला. चमचा धरवेना, तिथे खुणा कुठून करणार? त्या फोटोंचं पुस्तक व्हावं, एवढी एकच इच्छा आता उरली होती.

घरात पान्ह्यांचे तीन संच होते. फोटोंची प्रत मात्र एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग लॅपटॉप टकटक करायला लागला. एक फोटो उघडायला चहा पिऊन व्हायचा. मायक्रॉन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार समजूतदार माणूस. त्याने सांगितलं, आतली हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. नवी घ्या, मी सोबत वायर आणि डबी देतो, आधी सगळं नवीवर उतरवा आणि मगच जुनी काढा. तोवर लॅपटॉप अजिबात बंद करू नका. अशी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही.

मग निवड सुरू झाली. डिस्क मिनिटाला चौपन्नशे फेरे घेणारी हवी की बहात्तरशे, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा मायक्रॉन खुलले. फेऱ्यांची भाषा त्यांची स्वतःची होती. वेग जास्त तर झीज जास्त, म्हणून त्यांनी कमी फेऱ्यांची पसंत केली. जाडी दोन प्रकारची असते, दुकानदार म्हणाला, सात मिलिमीटर आणि साडेनऊ. जुनी कितीची आहे ते मायक्रॉनना ठाऊक नव्हतं.

"सातची न्या काका. बसेल."

तिथेच माशी शिंकली. लॅपटॉपखालचा नंबर फोनवर वाचून दाखवा, मी बघून सांगतो, असंही तो भला माणूस म्हणाला. पण नंबरावरून कळणारं माप कागदावरचं. खरं माप वस्तूत असतं. मायक्रॉन रिकाम्या हाताने घरी आले.

बाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. बंद करू नका, हे मायक्रॉन विसरले होते असं नाही. पण चालत्या यंत्रावर माप घ्यायचं नाही, हा कारखान्यातला पहिला धडा, आणि तो न पाळणाऱ्या दोघांची बोटं तुटलेली त्यांनी पाहिली होती. पाच मिनिटांनी काय होतंय, असं म्हणत त्यांनी लॅपटॉप रीतसर बंद केला, खालचे स्क्रू काढले, डिस्क फडक्यावर ठेवली आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. चारही कोपऱ्यांवर साडेनऊ. समाधानाने त्यांनी ते लिहून घेतलं.

परत जोडून बटण दाबलं. तीनदा टक झालं आणि मग काहीच नाही. पडद्यावर एवढंच उमटलं, की डिस्क सापडत नाही.

त्यानंतर तीन आठवडे आशेवर गेले. दुकानदाराने ती डिस्क, मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या लोकांकडे पाठवली. तबकड्यांवर चरे पडलेत, काही निघणार नाही, असं उत्तर आलं.

मायक्रॉननी साडेनऊची नवी डिस्क मागितली. निघताना त्यांना राहवलं नाही.

"सातची खरंच बसली असती?"

दुकानदाराने काउंटर पुसायला घेतला. "बसली असती, काका. जाड जागेत पातळ बसतेच. वरून एक प्लास्टिकची चौकट लावतात, ती खोक्यातच येते."

बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. टकटक थांबली की कुणालाही कळेल.  त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मायक्रॉनना वाटे. चाळीस वर्षं जिच्या जोरावर मान ताठ ठेवली, त्या शिस्तीनेच बायकोचं आयुष्य पुसलं, हे त्यांना जेवताना, दाढी करताना, आंघोळ करताना खात होतं.

नवी डिस्क बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खिडकीपाशी बसल्या. "कॅमेरा आणा. आठवतात तेवढ्या करते."

पहिली खूण चार वर्षांच्या एका मुलीच्या आजीची होती. मनगट गालाला टेकवायचं आणि दोन बोटांत कानाची पाळी धरायची. बाईंचं मनगट गालावर ठरेना, बोटं पाळीवरून निसटत राहिली. मायक्रॉननी अकरा फोटो काढले आणि त्यातला बरा लॅपटॉपवर घेतला. बाईंनी तो निरखून पाहिला.

"पुसून टाका."

"थोडा हललाय, पण कळतंय की."

"ती पोर अशी करत नव्हती हो. हा ठेवलात तर उद्या हीच तिची खूण ठरेल."

मायक्रॉननी फोटो पुसला. डिस्क पुन्हा कोरी झाली. दुसऱ्या खुणेसाठी बाईंनी हात वर घेतला, आणि कुठली करायची ते आठवेना म्हणून तसाच धरून बसल्या.